क्लच बदलल्यावर पेडल खालीच राहतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

नवीन क्लच किट बसवलं, गिअरबॉक्स चढवला, ब्रेक ऑइल भरून एअर (लाइनमधली हवा) काढली. गाडी घोडीवर होती तोवर सगळं ठीक होतं. रस्त्यावर आल्यावर मात्र क्लच पेडल खाली गेलं की तिथंच राहायला लागलं. पंजा खाली घालून वर ओढलं तर येतं, दोन-तीनदा पंप केलं की थोडा वेळ बरं चालतं, आणि सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला पुन्हा तेच. टर्बो सेदान असो, हॉट हॅच असो किंवा निसान ३७०झेडसारखी दोन सीटची कूपे असो, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या जोरकस गाड्यांमध्ये क्लचच्या कामानंतर येणारी ही ठरलेली तक्रार आहे. गॅरेजमध्ये तिच्यावर दोनच उपाय केले जातात. एक म्हणजे पुन्हा एअर काढणे, आणि त्यानं भागलं नाही तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवणे. या दोन्हींच्या मध्ये अर्ध्या तासाची एक तपासणी आहे. ती केली की नेमकं काय अडकलंय ते कळतं आणि बहुतेक वेळा गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

आधी सुरक्षेचं बघू. पेडल अडकत असताना गाडी हायवेवर नेऊ नका. चालत्या गाडीत पेडल खाली राहिलं तर इंजिनाचा चाकांशी संबंध तुटलेला असतो, त्यामुळे इंजिन ब्रेकिंग मिळत नाही. रेस सोडा, ब्रेकवर वेग कमी करा, न्यूट्रल करा, गाडी कडेला घ्या आणि मगच पंज्यानं पेडल वर ओढा. वेगात असताना पेडल झटक्यानं वर घेतलं तर क्लच एकदम धरतो आणि पुढची चाकं ओढणारी गाडी वळणावर असेल तर बाजूला खेचते.

पेडल वर येतं कुणाच्या जोरावर?

बरेच जण समजतात की पेडलची स्प्रिंग पेडल वर आणते. हायड्रॉलिक क्लचमध्ये मुख्य जोर प्रेशर प्लेटच्या डायफ्रामचा, म्हणजे बोटं असलेल्या चकतीसारख्या स्प्रिंगचा असतो. डायफ्रामची बोटं रिलीज बेअरिंगला मागे ढकलतात, बेअरिंग फोर्कला, फोर्क गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरच्या पिस्टनला, पिस्टन ऑइलला, ऑइल पेडलकडच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला, आणि मास्टरचा पुशरॉड पेडलला. मास्टरच्या आतही स्प्रिंग असते, पण तिचा जोर किरकोळ.

डॅशबोर्डखाली पेडलला जी जाड स्प्रिंग दिसते तिचं काम बऱ्याच गाड्यांमध्ये उलटं असतं. पेडल वर असताना ती त्याला वरच धरून ठेवते. पेडलनं अर्धा टप्पा ओलांडला की तीच स्प्रिंग खाली ढकलायला लागते, म्हणजे पायावरचा भार कमी होतो. भारी प्रेशर प्लेट असलेल्या गाड्यांमध्ये ही स्प्रिंग चांगलीच ताकदीची असते. म्हणून खालून डायफ्रामचा जोर पूर्ण पोचला नाही, तर पेडल खाली धरून ठेवणारी हीच स्प्रिंग ठरते. हे लक्षात ठेवा, कारण पुढं स्प्रिंग काढून बघायची वेळ येणार आहे.

तीन ठिकाणं, एक तपासणी

अडथळा तीन ठिकाणी असू शकतो: पेडल आणि मास्टर, मधली लाइन आणि स्लेव्ह, किंवा बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) आतला फोर्क, बेअरिंग आणि प्रेशर प्लेट. तपासणीला एक मदतनीस, टॉर्च, स्टीलची पट्टी, ब्लीडर निपलला (स्लेव्हवरचा एअर काढायचा स्क्रू) बसेल तो रिंग पाना (बहुधा ८ ते ११ मिमीपैकी एक), निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि एक रिकामी बाटली लागते. गाडीखाली जाऊन बघायचं असेल तर ती घोडीवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

इंजिन बंद ठेवा. मदतनीसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बाहेरून दिसणाऱ्या स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पट्टीनं मोजा. मग पेडल सोडायला सांगा. पेडल अडकलं की त्याला हात न लावता फोर्ककडे बघा.

फोर्क मागे आपल्या जागी आला असेल आणि पेडल तेवढं खाली असेल, किंवा फोर्क मुळातच कमी सरकला असेल, तर खालचा भाग मोकळा आहे. लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरची सील ऑइल आतल्या आत सोडतेय. याला ‘अ’ म्हणू.

फोर्क पुढंच राहिला असेल तर निपलला नळी लावून अर्धा फेरा सैल करा. ऑइल जोरात उडालं आणि फोर्क लगेच मागे आला, तर ऑइलला परत जायला वाट मिळत नव्हती. दोष निपलच्या वरच्या बाजूला, म्हणजे होज (रबरी नळी), मास्टर किंवा पेडलमध्ये आहे. हा ‘ब’.

निपल उघडूनही फोर्क पुढंच अडकून राहिला, ऑइल नुसतं थेंब-थेंब आलं, तर दोष बेल हाउसिंगमध्ये आहे. हा ‘क’. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल असा प्रकार मुख्यतः हाच.

३७०झेड आणि आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये फोर्क नसतोच. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती, बेल हाउसिंगच्या आत असतो आणि रिलीज बेअरिंग त्याच्यावरच बसलेलं असतं. तिथं बघायला काही मिळत नाही, पण धक्का मारून कळतं. सपाट जागेवर, इंजिन बंद, पेडल खाली अडकलेलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला आणि चाकापासून वीतभर अंतरावर दोन्ही बाजूंनी दगड ठेवलेले. गाडी ढकला. ती न्यूट्रलसारखी सहज हलली तर क्लच अजून सुटलेला आहे, म्हणजे ‘ब’ किंवा ‘क’. जागची हलत नसेल तर क्लचनं धरलेलं आहे, म्हणजे ‘अ’.

‘अ’: हवा आणि सील

किती थोडी हवा पुरते याचा हिशेब करून बघा. मास्टरचा बोर (आतला व्यास) १५.८७ मिमी आणि पिस्टनचा प्रवास २५ मिमी धरला, तर पूर्ण दाबलेल्या पेडलनं लाइनमध्ये ढकललं जाणारं ऑइल जेमतेम ५ मिली भरतं, चहाच्या एका चमच्याएवढं. स्लेव्हचा बोर २०.६४ मिमी असेल तर तिकडे रॉड साधारण १४.८ मिमी सरकतो. त्या ५ मिलीतलं १ मिली हवा दाबण्यात गेलं की रॉडची जवळपास ३ मिमी हालचाल जाते. क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला आणि रिव्हर्स पडताना खर्रर्र आवाज येतो, आणि परतीचा जोर मंद झाल्यामुळं ती जाड स्प्रिंग पेडल खाली दाबून ठेवते. पंप केल्यावर तात्पुरतं सुधारतं ही हवेची खूण.

एअर काढताना ब्रेकसारखी घाई नको. पेडल भराभर पंप केलं तर हवेचे बुडबुडे ऑइलमध्ये बारीक होऊन मिसळतात आणि मग निघता निघत नाहीत. पेडल सावकाश दाबा, धरा, निपल उघडा, निपल बंद करा, मग हातानं पेडल वर आणा आणि टाकीतून ऑइल भरायला चार-पाच सेकंद द्या. टाकीतली पातळी एकदाही पोर्टखाली (ऑइल बाहेर जायच्या भोकाखाली) जाऊ देऊ नका. फोक्सवॅगन-स्कोडा घराण्यातल्या गाड्यांमध्ये क्लचचं ऑइल ब्रेकच्याच टाकीतून जातं आणि क्लचचा पोर्ट वरच्या बाजूला असतो. टाकी अर्धी दिसत असतानाच क्लच हवा ओढायला लागतो, हे तिथं हमखास चुकतं.

हवा तरीही निघत नसेल तर उलट्या बाजूनं भरा. मेडिकलमधून ५० किंवा ६० मिलीची नवी सिरिंज घ्या, नळी लावून आधी तिच्यातली हवा पूर्ण काढा आणि स्लेव्हच्या निपलमधून ऑइल हळूहळू वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, म्हणून ही रीत आतल्या स्लेव्हला विशेष चांगली. आधी टाकीतलं ऑइल निम्मं काढून घ्या, नाहीतर वरून सांडेल. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. मास्टर सिलिंडरचं तोंड वर झुकलेलं असेल तर हवा पुढच्या टोकाला अडकून बसते. अशा वेळी गाडीचा मागचा भाग उचलून मास्टर सपाट केला की ती टाकीकडे निघून जाते.

एअर नीट काढली, लाइन कोरडी आहे, तरी पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकतं? मग सील. इथं एक प्रश्न नेहमी विचारला जातो: जुन्या क्लचवर जो स्लेव्ह व्यवस्थित चालत होता तो नव्या क्लचवर दोन दिवसांत कसा गेला?

क्लच प्लेट झिजत जाते तशी डायफ्रामची बोटं गिअरबॉक्सच्या बाजूला सरकत जातात आणि स्लेव्हचा पिस्टन बोरमध्ये आत आत बसायला लागतो. शेवटची काही वर्षं सील बोरच्या आतल्या पट्ट्यातच घासत असते. बाहेरच्या तोंडाकडचा पट्टा तोवर गंज, धूळ आणि डस्ट बूटमधून (तोंडावरच्या रबरी टोपीतून) शिरलेल्या ओलीनं खडबडीत झालेला असतो. सोलापूरच्या रस्त्यांवरची बारीक माती तिथं नेमकी साठते. नवी जाड प्लेट आली की बोटं फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला जातात, पिस्टन पुढं येतो, आणि जुनी सील त्या खराब पट्ट्यावर घासायला लागते. थोड्याच वापरात तिला ओरखडा पडतो. मास्टरमध्येही तसंच. रोजच्या वापरात पेडल तळाला फारसं टेकत नाही, पण एअर काढताना ते वारंवार तळापर्यंत जातं आणि सील कधी न गेलेल्या जागी जाते. म्हणून ७०-८० हजार किलोमीटर झालेल्या गाडीत क्लच किटबरोबर स्लेव्ह बदलावाच, आणि आतला स्लेव्ह असेल तर प्रश्नच नको. त्या सीलसाठी पुन्हा पूर्ण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी देणं परवडत नाही.

कुठली सील गेली ते ओळखायची सोपी रीत आहे. टाकीची पातळी कमी होत असेल तर बाहेर गळती आहे. बाहेरच्या स्लेव्हचा बूट मागे करून बघा, मास्टरच्या पुशरॉडवर पांढरा टिश्यू फिरवून बघा, आणि आतला स्लेव्ह असेल तर बेल हाउसिंगच्या खालच्या भोकात ओल आहे का बघा. पातळी तशीच राहून पेडल खाली जात असेल तर मास्टर आतल्या आत ऑइल टाकीकडे सोडतोय.

आतल्या स्लेव्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जपावी लागते. स्लेव्ह जागेवर बसवलेला आहे पण गिअरबॉक्स अजून इंजिनला लागलेला नाही, अशा वेळी कुणी सहज पेडल दाबलं की पिस्टन बोरबाहेर येतो आणि सील दुमडते. पुन्हा हातानं आत ढकलला तरी ती सील भरवशाची राहत नाही. काम चालू असताना स्टिअरिंगला दोरी बांधून पेडलवर ‘पाय लावू नये’ अशी चिठ्ठी लटकवणं हा उपाय साधा आहे, पण लागू पडतो.

‘ब’: ऑइल परत जात नाही

इथं आधी फुकटच्या गोष्टी बघा. पायाखालचं जाड लेदरेट मॅट पेडलच्या टोकाला पकडतं किंवा पेडलच्या मागे घडी होऊन बसतं. मॅट काढून ठेवा आणि मगच पुढं चला. पेडलच्या धुरीचा प्लास्टिक बुश, पुशरॉडची पिन आणि तिचं क्लिप तपासा. काही गाड्यांमध्ये पुशरॉड पेडलला प्लास्टिकच्या खटक्यानं जोडलेला असतो. तो एकदा काढला की त्याचे कान तुटतात आणि पुशरॉड तिरका चालतो.

मग ती जाड स्प्रिंग काढा. ती ताणात असते, चष्मा घाला आणि बोटं मध्ये ठेवू नका. स्प्रिंगशिवाय पेडल जड लागेल, पण नीट वर येत असेल तर उत्तर जवळ आहे. एकतर स्प्रिंग उलटी किंवा चुकीच्या खाचेत बसली आहे, किंवा नवी प्रेशर प्लेट जुन्यापेक्षा हलकी आहे आणि ही स्प्रिंग तिला भारी पडतेय. स्पोर्ट्स गाडीला दुसऱ्या कंपनीचं किट बसवल्यावर असं होतं. प्लेटला साजेशी मऊ स्प्रिंग बसवणं हा त्यावरचा योग्य उपाय. पेडलला वरून दुसरी एखादी स्प्रिंग बांधून ओढणं नको, कारण त्यानं आतला खरा दोष झाकला जातो.

स्प्रिंग काढूनही अडकत असेल तर पुशरॉड पेडलपासून सोडवा. पेडल एकटं मोकळं हलत असेल तर ते निर्दोष. आता पुशरॉड मास्टरमध्ये हातानं दाबून सोडा, तो तत्काळ परत यायला हवा. हळू येत असेल किंवा मध्येच थांबत असेल तर मास्टरचा पिस्टन घट्ट झालाय.

आणि पिस्टन घट्ट होण्याचं जे कारण सर्रास सापडतं ते म्हणजे डिझेल. इंजिनाचे भाग धुवायच्या ट्रेमध्येच मास्टर-स्लेव्ह डिझेल, रॉकेल किंवा पेट्रोलनं धुतले जातात, किंवा बसवताना सीलला इंजिन ऑइल नाही तर ग्रीस चोळलं जातं. ब्रेक-क्लचच्या सीलचं रबर ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलला चालणारं असतं. पेट्रोलियमचा स्पर्श झाला की ते फुगतं. फुगलेली सील बोरमध्ये घट्ट बसते, शिवाय टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकते. ऑइल तापून फुगलं की त्याला परत जायला जागा राहत नाही, लाइनमध्ये दाब अडकतो आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहून घसरायला लागतो. नवी प्लेट काही दिवसांत जळते आणि दोष किटला दिला जातो.

याची खात्री घरी करता येते. टाकीच्या झाकणाखालचं रबर बघा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल आणि आपल्या खाचेत परत बसत नसेल तर ऑइलमध्ये पेट्रोलियम गेलं आहे. काचेच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात टाकीतलं थोडं ऑइल टाका आणि हलवा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, तवंग वर राहिला तर भेसळ नक्की. मग नुसतं फ्लश करून चालत नाही. मास्टर, स्लेव्ह आणि होज तिन्ही बदलावे लागतात, धातूची नळी स्वच्छ करून वापरता येते. आणि टाकी ब्रेकशी सामायिक असेल तर ती गाडी त्याच क्षणी उभी करा, कारण तेच ऑइल ब्रेकच्या सीलपर्यंत पोचू शकतं. तिथंही सगळं रबर बदलल्याशिवाय ती चालवू नका. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरा, बसवताना सीलला ब्रेक ऑइलच लावा.

मास्टरही मोकळा निघाला तर उरतो होज. मास्टरच्या बाहेर येणारा जोड किंचित सैल करा. तिथं दाब सुटून फोर्क मागे आला तर मास्टर किंवा पेडल पुन्हा तपासा. तिथं काहीच झालं नाही, पण स्लेव्हच्या निपलला सैल केल्यावर फोर्क आला, तर मधला रबरी होज आतून सुजलाय किंवा सोललाय. पेडलच्या जोरानं ऑइल खाली जातं, डायफ्रामच्या कमी जोरानं ते परत येत नाही. बाहेरून असा होज अगदी धडधाकट दिसतो. गिअरबॉक्स उतरवताना होज न सोडता स्लेव्ह नुसता लटकवून ठेवला असेल किंवा होज पीळ खाऊन परत बसला असेल, तर हा संशय आधी घ्यावा. काही गाड्यांच्या लाइनमध्ये ऑइलचा वेग कमी करणारा बारीक भोकाचा वॉल्व्हही असतो. त्यात कचरा अडकला तरी लक्षण हेच दिसतं.

पुशरॉडची लांबी शेवटी तपासा. बऱ्याच जपानी गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत पेडलचा फ्री प्ले (मोकळी हालचाल) ५ ते १५ मिमी आणि त्यातला पुशरॉडचा प्ले १ ते ५ मिमी दिलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकातला. क्लच नीट सुटत नाही म्हणून पुशरॉड लांब करण्याची सवय फार वाईट. प्ले शून्य झाला की पिस्टन ते टाकीचं भोक कायमचं झाकून बसतो आणि फुगलेल्या सीलसारखाच त्रास होतो.

‘क’: बेल हाउसिंगच्या आत

गिअरबॉक्स उतरवल्यावर पहिल्यांदा रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती गाइड स्लीव्ह बघा. तिच्यावर नखाला लागेल अशी खाच असेल तर बेअरिंग तिथंच अडकतं. जुन्या बेअरिंगचा प्रवास दुसऱ्या पट्ट्यात होता, नव्याचा त्या खाचेवरून होतो, म्हणून हे क्लच बदलल्यावरच उघडं पडतं. स्लीव्ह बदला. पॉलिश पेपर मारून काम भागवू नका.

फोर्कच्या पिव्होट बॉलला क्लचसाठीचं, उष्णता सोसणारं मॉलिब्डेनम ग्रीस थोडं लावा. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या खाचांवर) इतका पातळ थर हवा की प्लेट एकदा सरकवून उरलेलं पुसून काढता येईल. जास्त ग्रीस फिरताना उडून प्लेटच्या घासणाऱ्या अस्तरावर जातं. बेअरिंगची कॉलर प्लास्टिकची किंवा कोटिंगची असेल आणि कंपनी ‘कोरडं ठेवा’ म्हणत असेल, तर कोरडंच ठेवा. ग्रीसमध्ये क्लचची काळी भुकटी बसून त्याचा लेप होतो आणि बेअरिंग चिकटतं. फोर्कचं तारेचं क्लिप बॉलच्या मागे नीट गेलंय ना, हे आरशात बघा. ते सुटलेलं असेल तर फोर्क तिरका होऊन अडकतो.

डायफ्रामची बोटं एका पातळीत असायला हवीत. बऱ्याच पुस्तकांत बोटांमधला कमाल फरक ०.५ मिमीच्या आसपास दिलेला असतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूनं पूर्ण आवळत गेलं की कव्हर वाकतं आणि हा फरक वाढतो. समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा देत आवळा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्यानं पुस्तकातल्या आकड्याला द्या. आपोआप समायोजित होणारी प्रेशर प्लेट असेल तर ती बसवायला तिचं खास टूल लागतं. टूलशिवाय बोल्टनंच ओढून बसवली की आतली रिंग फिरून बसते आणि बोटांची उंची पहिल्याच दिवशी चुकते. क्लच प्लेट उलटी बसली असेल तर मात्र क्लच सुटणारच नाही, हबवरची ‘फ्लायव्हील साइड’ची खूण बघूनच बसवा.

फ्लायव्हील अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर फेसिंगला दिलं असेल तर किती मिमी निघालं ते विचारून लिहून ठेवा. सपाट फ्लायव्हीलमध्ये जितकं निघालं तितकं रिलीज बेअरिंग पुढं जातं आणि त्याबरोबर स्लेव्हचा पिस्टनही पुढं येतो. पायरी असलेल्या फ्लायव्हीलमध्ये नुसती घासणारी बाजू कापली आणि कव्हर बसतं ती पायरी तशीच ठेवली, तर प्रेशर प्लेटचा दाब आणि बोटांची उंची दोन्ही बिघडतात. दोन्ही पातळ्या सारख्याच कापायला सांगा. ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंगा असलेलं, दोन भागांचं) लेथवर चढवू नये.

फक्त जोरात चालवताना अडकत असेल तर

गावात ठीक, पण तुळजापूरच्या घाटात किंवा मोकळ्या रस्त्यावर इंजिन वर नेऊन गिअर बदलला की पेडल अडकतं, अशीही तक्रार येते. ३७०झेडचं इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत फिरतं. एवढ्या वेगात डायफ्रामच्या बोटांवर केंद्रोत्सारी जोर येतो आणि त्यांचा परतीचा दाब बदलतो. थोडीशी हवा किंवा दमलेली सील, जी खालच्या आरपीएमला कळत नाही, ती इथं उघडी पडते. शिवाय आतल्या स्लेव्हवर क्लचची भुकटी सतत पडते आणि सीलच्या कडेनं ऑइलमध्ये शिरते. टाकीतलं ऑइल काळं पडतं ते त्यामुळं आणि झिजणाऱ्या सीलच्या रबरामुळं. काळं ऑइल दिसलं की बदला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा काळं झालं तर स्लेव्हच्या सीलचे दिवस भरत आलेत असं समजा. आतला प्लास्टिकचा भाग असलेला स्लेव्ह वारंवार जात असेल तर ३७०झेडसाठी स्लेव्ह बाहेर आणणारी किटही मिळतात.

ऑइल कुठलं? टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय ते. ठरलेल्या मानकात कोरड्या आणि ओल्या ऑइलचा किमान उत्कलनांक डॉट ३ साठी २०५ आणि १४० अंश, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ‘ओलं’ म्हणजे ३.७ टक्के पाणी प्यालेलं. लाइन टर्बो किंवा एक्झॉस्टजवळून जात असेल आणि वर एप्रिल-मेचा चाळिशीपार पारा असेल, तर जुनं ऑइल मास्टरजवळ नाही तरी स्लेव्हजवळ उकळून वाफ धरतं. लक्षण हे: दुपारी ट्रॅफिकमध्ये पेडल मेलं, रात्रभर गाडी उभी राहिली, सकाळी पुन्हा छान. डॉट ५ हे सिलिकॉनचं आहे, नाव जवळचं असलं तरी वरच्या तिघांत मिसळू नका. सीलबंद नवी बाटलीच घ्या, गॅरेजच्या फळीवरची महिनाभर उघडी असलेली नाही. पूर्ण फ्लशला अर्धा लिटर पुरतं.

दुरुस्तीनंतर

इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, पेडल तळापर्यंत दाबून तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खर्रर्र झाली नाही तर क्लच पूर्ण सुटतोय. गाडी जुना पुणे नाका ते बाळे अशी जाऊन-येऊन गरम करा, मग उतरून पुन्हा फोर्कची हालचाल मोजा. थंड असतानाच्या मापात आणि या मापात १ मिमीहून जास्त फरक असेल तर हवा अजून आहे.

नव्या प्लेटला पहिले ५०० किलोमीटर गावात सौम्य चालवा, पेडल झटक्यात सोडून चाकं फिरवू नका. तेवढं अंतर झाल्यावर टाकीचं झाकण उघडून ऑइलचा रंग आणि पातळी बघा. क्लच झिजत जाताना पिस्टन आत सरकतो आणि स्वतंत्र टाकीतली पातळी किंचित वर जाते, त्यामुळं ती नव्या क्लचवर काठोकाठ भरू नका. आणि ती उतरत असेल तर त्याच दिवशी स्लेव्हचा बूट मागे करून बघा.